'लॅबमध्ये तपासलेलं' म्हणजे नेमकं काय तपासलेलं? खान्देशातल्या गाईड मंडळींना खुलं पत्र

खान्देशातल्या फार्मसी, बॉटनी, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजीच्या समस्त गाईड सरांना, मॅडमना आणि प्राचार्यांना,

स. न. वि. वि.

मी नऊ वर्षं एका फार्मसी कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या कॉलेजचं नाहीये आणि मला कोणाची अब्रू काढायची पण नाहीये. बीकर धुणं, सॉक्सलेट (उकळून अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावणं, उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा बदलणं, आणि सबमिशन जवळ आलं की पोरांना रीडिंग घेऊन देणं, हे सगळं केलंय. माझं शिक्षण बीएस्सी, तेही सेकंड क्लास. त्यामुळे हा आता आपल्याला शिकवायला आला असं समजू नका. पण नऊ वर्षं तुमच्या मागे उभा राहून जे बघितलं आणि यंदा जे घरात घडलं, ते गिळून बसणं जमेना म्हणून लिहितोय.

आधी घरातलं सांगतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अकरा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या चालू होत्या, शुगर बऱ्यापैकी ताब्यात होती, रोज केळीच्या बागेत चक्कर चालू होती. दिवाळीनंतर आठवडी बाजारात एक जण गाडी लावून शुगरची भुकटी विकायला आला. त्याची विकायची पद्धत बघण्यासारखी होती. तो आधी प्रत्येकाला बेडकीचा पाला चावायला द्यायचा, तोच ज्याला गुडमार म्हणतात, आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवायचा. बेडकीचा पाला चावला की काही वेळ गोड चवच कळत नाही, साखर तोंडात वाळूसारखी कचकच लागते. हे खरंच होतं, मी स्वतः करून बघितलंय. मग तो म्हणायचा, "बघा, तोंडातली साखर मेली ना, तशीच रक्तातली मरेल." जिभेवरचा खेळ आणि रक्तातली शुगर यांचा असा काही संबंध नाही, पण बाजारात उन्हात उभ्या माणसाला हे कोण सांगणार. पुडी तीनशे रुपयाला. आत बिबल्याच्या, म्हणजे विजयसारच्या, लाकडाची भुकटी आणि बेडकीचा पाला, आणि सोबत एक रंगीत पत्रक, वर मोठ्या अक्षरात 'नामांकित कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिद्ध', खाली एक ग्राफ.

आप्पांनी गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं पण नाही. पाच आठवड्यांनी पायाला लागलेली साधी काडी चिघळली, बोट काळं पडलं, तेव्हा मला कळलं. शुगर निघाली चारशे बारा. जळगावला ॲडमिट केलं, अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. मी दवाखान्यातच त्यांच्यावर ओरडलो, गोळ्या का सोडल्या म्हणून, तर त्यांनी उशाखालून ते पत्रक काढलं आणि म्हणाले, "अरे, तुन्हा कॉलेजमाच तपासेल शे, हाई देख. मंग गोया कसाले खाऊ?"

मी ग्राफ बघितला आणि पायातलं बळच गेलं. तो ग्राफ माझा होता. म्हणजे नावावर एका एम.फार्मच्या पोराच्या, पण रीडिंग मी घेतलेले. ओळखला कसा? त्याच्यात चौथा पॉइंट रेषेच्या खाली घसरलेला आहे. त्या दिवशी मधेच लाईट गेली होती आणि परत आल्यावर मी स्पेक्ट्रोला, म्हणजे रंग मोजायच्या मशीनला, नीट गरम होऊ न देताच घाईघाईत रीडिंग टाकलं होतं. पोरगा म्हणाला राहू द्या दादा, चालतं. तो घसरलेला ठिपका आता रंगीत पत्रकावर छापून गावोगाव फिरतोय.

मी जुन्या सरांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, आप्पांची चौकशी केली, माणूस वाईट नाहीये. पण म्हणाले, "आपण फक्त टेस्ट करतो. बाहेर कोण काय छापतं त्याच्याशी आपला संबंध नाही." रिपोर्ट पुडीवाल्याकडे गेला कसा, तर तो त्यांच्या ओळखीतला, "सॅम्पल त्यानेच आणून दिलं होतं, मग त्याला कॉपी द्यायला नको का?" प्राचार्यांना अर्ज दिला, दोन महिने झाले, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर.

तर तो ग्राफ कशाचा होता ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तुम्हाला माहितीच आहे. डीपीपीएच नावाचं एक जांभळं केमिकल असतं. त्यात झाडाचा अर्क टाकायचा, अंधारात अर्धा तास ठेवायचा, अर्कात अँटिऑक्सिडंट असलं तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो, किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं. झाली टेस्ट. त्याच्यात शुगर नाही, रक्त नाही, उंदीर नाही, माणूस तर नाहीच नाही. एकदा दुपारी काम नव्हतं म्हणून मी माझ्या कपातला उरलेला कोरा चहा दोन थेंब टाकून बघितला होता, रंग बघता बघता उडाला, बिबल्यापेक्षा चहाच जोरात. आता चहाच्या पुडीवर 'डायबिटीसवर प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापायचं का? झाडात पॉलिफेनॉल असतात आणि पॉलिफेनॉल रंग उतरवतात, एवढंच त्या टेस्टला म्हणायचंय. पुढचं सगळं आपण तिच्या तोंडी घालतो. आणि तिच्या तोंडी घालायची सुरुवात पुडीवाला करत नाही, ती आपल्या थिसिसच्या शेवटच्या पानावर होते: 'सदर वनस्पती मधुमेह, कर्करोग व हृदयरोगावर उपयुक्त ठरू शकते.' पुडीवाल्याने फक्त 'शकते' खोडलं.

ही झाली माझी पहिली तक्रार आणि सगळ्यात मोठी.

दुसरी, कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्याची. जंतूंवर अर्क चालतो का बघायला आपण अगरच्या प्लेटला आठ मिलीमीटरचं भोक पाडून त्यात अर्क टाकतो, दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू वाढलेले नसले तर तो झोन पट्टीने मोजतो. पण अर्क विरघळवलाय डीएमएसओत नाहीतर मिथेनॉलमध्ये, आणि ते स्वतःच जंतूंना मारू शकतात. म्हणून एका भोकात नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायचं द्रव, टाकायचं असतं, हे एफवायच्या पोराला पण माहिती. मी किती प्लेटा बघितल्या जिथे ते भोकच पाडलेलं नाही. आणि एकदा पाडलं, तर तिथेपण झोन आला, जवळपास अर्काएवढाच. मी दाखवला. उत्तर आलं, "तो फोटोत घेऊ नको."

याच्यात आपल्या खान्देशची एक वेगळीच गंमत आहे, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकात लिहिलेली नसते. इन्क्युबेटर सदतीस डिग्रीवर लावायचा असतो. मे महिन्यात आमच्या लॅबमध्येच दुपारी बेचाळीस असायचं. साधा इन्क्युबेटर बिचारा फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही, मग आतला काटा सदतीसवर उतरणार कसा? जंतू धड वाढायचे नाहीत, वाढ विरळ, आणि विरळ वाढीत झोन मोठे दिसायचे. आमच्याकडचे सगळ्यात जोरदार 'अँटिमायक्रोबियल' रिझल्ट एप्रिल-मे मधले आहेत, तारखा काढून बघा. हसू नका, तुमच्याकडे पण हेच असणार. उंदरांचं तर विचारूच नका. त्यांच्या खोलीचं तापमान १८ ते २९ च्या मधे पाहिजे असा नियम आहे, आमच्या खोलीचा एसी एका शनिवारी रात्री बंद पडला आणि सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर चार मेलेले, दोन अर्क दिलेल्या गटातले, दोन नुसतं पाणी दिलेल्या. पाणीवाले दोघं लगेच बदलून नवीन आणले. अर्कवाल्यांची नोंद विषारीपणाच्या कोष्टकात गेली. बरं, तेच झाड दुसऱ्या पोराच्या थिसिसमध्ये 'पूर्णपणे सुरक्षित' आहे.

तिसरं म्हणजे झाड कोणतं तेच नक्की नसतं. बिबला आणि बिब्बा, बोलताना फरक तो किती. बिबल्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर पाणी तपकिरी होतं, आणि बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी भाजून फोड येतात. एका पोराने दुकानातून आणलेल्या पाकिटावर एक नाव, रजिस्टरमध्ये दुसरं आणि थिसिसमध्ये लॅटिन नाव तिसऱ्याच झाडाचं, असं मी डोळ्यांनी बघितलंय. गुळवेलीचं काय झालं आठवा. कोरोनात जो तो काढा पीत होता, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालय म्हणालं की वेल नीट ओळखलीच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी विषारी जात असू शकते. वाद अजून चालू आहे. पण त्याच्यातून निदान एक तरी शिकायला हवं होतं, की वेलीची एक फांदी फुलाफळासकट दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून कपाटात ठेवलेली असली तर वाद मिटवता येतो. पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेचं ऑफिस आहे, तिथे झाड ओळखून देतात. जळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं. तेवढ्याचाही कंटाळा.

आता बाबांचं सांगतो, कारण बिबला तपासायचं ठरलं ते त्यांच्यामुळे. वर पाड्यावर एक म्हातारे पावरा आदिवासी बाबा आहेत, झाडपाला देतात, पैसे घेत नाहीत, कोंबडी दिली तर घेतात. सर, तो एम.फार्मचा पोरगा आणि मी, आम्ही तिघं गेलो होतो, मला थोडी त्यांची भाषा येते म्हणून मला नेलं. बाबांनी बिबल्याच्या जुन्या खोडाचा तुकडा दाखवला, आतला लालसर गाभा, साल नाही, पांढरं लाकूड नाही. म्हणाले, रात्री मडक्यातल्या गार पाण्यात टाकायचा, सकाळी ते पाणी प्यायचं, उकळायचं नाही. 'उकळायचं नाही' हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा सांगितलं, पोराने वहीत लिहून पण घेतलं.

लॅबमध्ये आल्यावर आम्ही काय केलं? साल, पांढरं लाकूड, गाभा सगळं एकत्र दळलं आणि सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल टाकून सहा तास उकळलं. का, तर सगळ्या पेपरमध्ये तसंच असतं. सर, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू बाईंची गोष्ट तुम्हीच वर्गात सांगायचे, मी मागे फळा पुसत ऐकायचो. मलेरियाचं औषध त्यांना सापडत नव्हतं, मग जुन्या चिनी पोथीत वाचलं की ती वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळायची, तेव्हा डोक्यात आलं की उष्णतेने औषध मरत असेल, कमी तापमानाला काढून बघितलं आणि ते चाललं. २०१५ मध्ये नोबेल. ही गोष्ट टाळ्या घ्यायला आपण सांगतो, आणि आपला बाबा तेच सांगतो तर सॉक्सलेट लावतो. बाबांचं औषध चालतं की नाही मला माहिती नाही. पण आपण बाबांचं औषध तपासलंच नाही, आपण दुसरंच काहीतरी तपासलं आणि नाव त्यांचं लावलं.

आणि डोस. उंदरांना दिला होता किलोला ४०० मिलीग्रॅम. उंदराचा (रॅटचा) डोस माणसासाठी काढताना साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे किलोला ६४-६५ मिलीग्रॅम, साठ किलोच्या माणसाला झाले जवळपास चार ग्रॅम. पण चार ग्रॅम कशाचे? अर्काचे! शंभर ग्रॅम भुकटीतून आमच्याकडे दहाएक ग्रॅम अर्क निघायचा, मग रोजची चाळीस ग्रॅम लाकडाची भुकटी खायला पाहिजे. पुडीवर लिहिलंय अर्धा चमचा सकाळ-संध्याकाळ. हे गणित मी दवाखान्यात बाकावर बसून औषधाच्या बिलामागे केलं. थिसिसमध्ये ते कुठेच नाही.

याचा अर्थ झाडपाल्यात दम नाही असं कोणी काढू नका, मी सातपुड्याखाली वाढलेला माणूस आहे. बिबल्यावर तर आयसीएमआरने १९९८ मध्ये माणसांवरची ट्रायल छापलेली आहे, नव्याने शुगर निघालेल्या पेशंटवर, आणि बऱ्याच जणांना फरक पडलेला, फक्त ती ओपन ट्रायल होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे पुढचं पाऊल टाकायला जागा होती. सर्पगंधेचं बघा, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या पेशंटचं बीपी मोजून मोजून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, मग तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रिसर्पिन हे बीपीचं औषध वेगळं काढलं आणि ते जगभर गेलं. झाडपाल्याचं असं पण होऊ शकतं. पण त्याला जे लागतं ते कंटाळवाणं काम आहे आणि आपल्याला सेमिस्टरच्या आत पेपर पाहिजे. हे मी कळून लिहितोय, तुमच्यावर पण प्रमोशनचे पॉइंट, कमिटीच्या व्हिजिटा, ग्रँट नाही, केमिकलचं बिल सहा सहा महिने अडकलेलं, हे मी बघितलंय. काही मॅडम स्वतःच्या पगारातून प्लेटा आणायच्या. त्यांना हे पत्र लागू नाही, त्यांनी राग मानू नये.

अजून एक राहिलं, ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. लॅबच्या मागच्या कपाटात, खालच्या दोन खणांत, जे अर्क चालले नाहीत त्यांच्या वह्या पडल्यात. मी मोजल्या नाहीत पण खण भरलेत. टाकळा, रुई, करंज, काय काय. 'रिझल्ट आला नाही' म्हणून पोराला दुसरं झाड दिलं आणि वही खाली टाकली. आता दुसऱ्या कॉलेजचा पोरगा तेच झाड, तेच जंतू घेऊन परत सहा महिने घालवणार. पांढरे उंदीर पण परत मारणार. 'चालत नाही' हा पण रिझल्टच आहे ना?

मागण्या सांगतो, जास्त नाहीत.

ज्या कॉलेजांच्या टेस्टचे ग्राफ असल्या पुड्यांवर फिरतायत त्यांनी लेखी जाहीर करावं की ही टेस्ट टेस्टट्यूबमधली होती, शुगर बरी होते असं आम्ही म्हटलेलं नाही, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे स्वतः तक्रार द्यावी. डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तुम्हाला घाबरायचं कारण नाही, घाबरायला पाहिजे पुडीवाल्याने.

यापुढे बाहेरच्या माणसाला रिपोर्ट देताना पहिल्याच ओळीत, मराठीत, ठळक लिहा: कशावर तपासलं. टेस्टट्यूब, जंतू, उंदीर की माणूस. आणि शेवटी 'उपयुक्त ठरू शकते' हे वाक्य थिसिसमधून काढून टाका, त्याच्यावाचून कोणाची डिग्री अडत नाही.

नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल नसेल तर गाईडने सही करू नये. उन्हाळ्यात इन्क्युबेटरच्या आतलं खरं तापमान रोज लिहावं, किंवा सरळ ते प्रयोग जून नंतर करावेत.

दाबून ठेवलेली फांदी असल्याशिवाय झाड लॅबमध्ये घेऊ नये.

न चाललेल्या वह्यांची एक यादी करावी, झाड, अर्क कसा काढला, कशावर तपासला, काय झालं, एवढे चारच कॉलम, आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी ती एकमेकांना द्यावी. टायपिंगला माणूस नसेल तर मी फुकट करून देतो, खरंच.

आणि ज्या पाड्यावरून माहिती आणली तिथे परत जायचं. काय केलं, काय निघालं, काहीच निघालं नाही तरी, त्यांच्या भाषेत बसून सांगायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, त्या नोंदवहीत बाबांची माहिती त्यांना विचारून चढवायला मदत करा. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते जुन्या लेखी नोंदी दाखवता आल्या म्हणून. बाबांचं लेखी कुठेच नाही, आहे ते त्या पोराच्या वहीत, आणि वही कुठे आहे कोणास ठाऊक. केरळात कानी आदिवासींना त्यांच्या झाडाच्या औषधातून मिळालेल्या पैशातला निम्मा वाटा दिला होता, आपल्याकडे थिसिसच्या आभारात 'स्थानिक वैदू' असे दोन शब्द आहेत, नाव पण नाही.

आप्पा आता बरे आहेत. गोळ्या परत चालू, सोबत सकाळी इन्सुलिन, चप्पल न घालता बागेत जायचं नाही म्हणून आई रोज भांडते.

आपला नम्र,
एक माजी लॅब असिस्टंट
ता. चोपडा, जि. जळगाव

ता. क. आमच्या जुन्या सरांनी हे वाचलं तर: डावीकडच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात दाराजवळ बिबल्याची एक बाटली आहे, लेबल पुसलं गेलंय, बुचाला मी निळी चिकटपट्टी लावलेली आहे. त्यात मी बाबांनी सांगितलं तसं, नुसता गाभा रात्रभर गार पाण्यात ठेवून, गाळून, थोडं करून ठेवलं होतं. आता ते खराब झालं असेल, फेकून द्या. पण गाभ्याचा उरलेला तुकडा ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे, तो फेकू नका.